अस्पर्श किनारा

रात्री एक वाजून चाळीस मिनिटं. मंगळवार, सोळा ऑगस्ट दोन हजार बावीस. आपिआ शहर, फुगालेईच्या बाजारामागची गल्ली, सिमेंटचं दुमजली घर, वरची मागची खोली. पाऊस नव्हता. वारा नव्हता. खालच्या मजल्यावरचं कुटुंब शुक्रवारीच बोटीने सवाई बेटावर गेलेलं. घरात माणूस एकच.

वार, वेळ, जागा आधी सांगितली, कारण सदतीस वर्षं बातम्या लिहून तोंडाला तीच सवय लागलीय. आणि सेफीना, तू गालातल्या गालात हसतेयस ते दिसतंय मला. मी भुतं मानत नाही. मी सरकारसुद्धा नाइलाजाने मानतो.

"मग सांगताय कशाला, काका?"

कारण मघाशी तू पुलाच्या फोटोतून विजेची तार पुसलीस. दोन सेकंदांत. मी विचारलं तर म्हणालीस, "तारच तर आहे." अंक गेला छापायला, आता कुणाला घाई नाही. कोको ओतून घ्या सगळ्यांनी आणि ऐका. मध्ये कुणी उठू नका. खिडकी राहू दे उघडी.

त्या घरातला तो माणूस पेनियामिना. तुमच्या आधी आपल्या पेपराला फोटो तोच द्यायचा. नोकरीला नव्हता. लग्नं, बाप्तिस्मे, रग्बीचे सामने, मिळेल ते करायचा. त्याचा डोळा चांगला होता. त्याच्यावर माझा राग आहे, तरी हे खोटं सांगणार नाही. आपण जिथे समुद्र बघतो, तिथे त्याला रेघ दिसायची.

त्या महिन्यात आपल्या सीमा उघडल्या होत्या. दोन वर्षांनी पुन्हा विमानं भरून गोरे पालागी येणार, म्हणून सगळे घर झाडून बसलेले. ऑकलंडच्या एका प्रवास कंपनीने फोटोंची स्पर्धा लावली. विषय, अस्पर्श किनारा. पहिल्या बक्षिसाला पक्की नोकरी, कंपनीची गाडी, राहायला घर. पेनियामिनाची बायको सातव्या महिन्यात, बाळंतपणाला माहेरी गेलेली. नियम एकच होता. फोटोत काही घालायचं नाही, फोटोतून काही काढायचं नाही, तसं लिहून सही द्यायची. त्याच कंपनीला पुढे दक्षिण किनाऱ्यावर हॉटेल बांधायचं होतं. ते तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. कुणाला म्हणजे मलाही. मी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी त्याच्या मावशीचा फोन आला. फुआतीनो. फालेसीना गावात राहायची, त्याच्या आईच्या घरी.

"येतो येतो म्हणतोस, येतोस कधी? येताना पिसुपोचे दोन डबे आण. मोठे. मागच्या वेळचे मांजराला पुरले नाहीत. आणि पाव आण."

म्हणून हा खारवलेल्या मांसाचे डबे आणि पाव घेऊन गेला. कॅमेराही घेतला, कारण घरासमोरचा किनारा त्याच्या डोक्यात केव्हापासून होता. एवढंच. डबे पोचवायला गेलेला माणूस.

फालेसीनातलं ते घर मी पाहिलंय. समोर काळ्या दगडांचा उतार, मग वाळूची पट्टी, मग उथळ हिरवं पाणी, लांबवर खडकांच्या रांगेवर फुटणारी पांढरी लाट, आणि तिच्यापलीकडे एक लहान बेट. बेटाच्या माथ्यावर मधोमध खाच आहे, कुणी कुऱ्हाड मारल्यासारखी. आणि घराच्या पुढ्यात, वाळूच्या अलीकडच्या काठावर, पेनियामिनाच्या आईचं थडगं. सालाफाई. बारा साली गेली. पांढऱ्या फरश्या, चार खांब, वर पत्रा. तुमच्या आमच्या पुढ्यात असतं तसंच. दिवसा पोरं त्यावर पत्ते खेळायची, मावशी त्यावर टॉवेल वाळत घालायची. घरचं माणूस घरातच असतं, त्याला काय एवढं? आणि ज्याची माणसं त्या मातीत, त्याची ती माती. हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. आता लागतं.

सालाफाईला मी ओळखत होतो. डावखुरी होती. रोज पहाटे अंगण झाडायची, खराट्याने. आपल्या उजव्या हाताच्या लोकांच्या रेघा एकीकडे वळतात, हिच्या दुसरीकडे. शेजारणी चिडवायच्या, सालाफाईच्या अंगणात लाटा उलट्या येतात म्हणून. ती गेल्यावर फुआतीनोने तो खराटा उचलला. दहा वर्षं रोज पहाटे थडग्याभोवती झाडायची. एक दिवस चुकला नाही.

तर शनिवारी पहाटे साडेचारला पेनियामिनाने तिवई लावली, तेव्हा मावशी बादली घेऊन उभी.

"बादली कशाला, मावशी?"

"सालाफाईचा फोटो निघणार, आणि तिने तोंड धुवायला नको?"

तिने टॉवेल काढले. फरश्या घासल्या, एकेक. लाल फुलांची माळ रात्रीच ओवून ठेवली होती, ती घातली. मग खांबाला टेकवलेला खराटा उचलला.

"राहू दे, मावशी. झाडू नकोस."

"का रे?"

"पानं पडलेली बरी दिसतात."

"घाण बरी दिसते? शहरात हेच शिकवतात का तुला?"

"नैसर्गिक दिसतं ते."

"तुझी आई उठून बसेल हं."

"बसू दे. हलली नाही म्हणजे झालं. फोटो खराब होतो."

मावशी हसली. ती हसली, हे त्याने मला दोनदा सांगितलं. तिने खराटा पुन्हा खांबाला टेकवला. दहा वर्षांत पहिल्यांदा त्या थडग्याभोवती झाडलं गेलं नाही. नीरफणसाची वाळकी पानं पडली होती, तशीच राहिली.

आता तुम्ही फोटोवाले आहात, म्हणून हे नीट सांगतो. थडगं टाळायचा प्रयत्न त्याने केला. डावीकडे सरकला, तर बेट कड्याआड जात होतं. पोटावर झोपला, तर पाण्याच्या काठाचं वळण मोडत होतं. थडग्याच्या पुढे जाऊन उभा राहिला, तर पुढ्यातले काळे दगडच जात होते. उरत होतं नुसतं निळं पाणी, साबणाच्या जाहिरातीतलं. सगळं जुळत होतं ते एकाच जागेवरून. दगड डाव्या कोपऱ्यातून आत शिरत, पाण्याचा काठ नजरेला पुढे उचलून नेई, लाटेची पांढरी रेघ तिला क्षणभर अडवी, आणि मग ती बरोबर बेटाच्या खाचेत जाऊन थांबे. आणि त्याच वाटेच्या मध्यावर, सरळ खाचेच्या खाली, आई.

सहा वाजून बावन्न मिनिटांनी उजेड आडवा आला. त्याने बावीस फोटो घेतले. सगळ्यांत थडगं.

"आली का नीट?" मावशीने विचारलं.

"आली," तो म्हणाला.

हे झालं शनिवारी. सोमवारी रात्री तो फोटोवर बसला. मंगळवारी दुपारी बारापर्यंत पाठवायचा होता. आधी क्षितिज सरळ केलं. उजवीकडची नुसती रिकामी वाळू कापून टाकली. आकाश थोडं गडद केलं, पाण्यातला हिरवा वर काढला, दगडांच्या सावल्या उघडल्या, म्हणजे काळ्यातसुद्धा खरखर दिसू लागली. मग साफसफाई. शेजाऱ्यांची निळी टाकी गेली. चर्चच्या पत्र्याची कड गेली. दोन तारा गेल्या, सेफीना, दोन्ही. थडगं त्याने शेवटी ठेवलं होतं.

मी त्याला विचारलं, "काही वाटलं नाही?"

म्हणाला, "काका, मी फोटोतून काढत होतो. जमिनीतून थोडंच?"

पद्धत तुम्हाला माहितेय. बाजूची वाळू उचलायची, नको त्या जागेवर घासायची. पानं उचलायची, घासायची. घड्याळात एक चाळीस झाले होते. त्याने पत्र्यावर पहिला हात मारला.

बाहेर आवाज आला. खर्र.

कुणीतरी झाडतंय, त्याच्या मनात आलं आणि गेलं. त्याने दुसरा हात मारला.

खर्र.

खांब गेले. एक, दोन, तीन, चार. खर्र, खर्र, खर्र, खर्र.

त्याने हात थांबवला. बाहेर शांत.

खिडकीतून खाली पाहिलं. गल्ली मोकळी. दिवा जळत होता. एक कुत्रं झोपलेलं. खाली डांबर आहे, मी जाऊन पाहिलंय. डांबरावर खराटा असा वाजत नाही. हा आवाज वाळूवरचा होता.

तो परत बसला. हसला म्हणे स्वतःशी. पाच तास डोळे फोडले की कान वाजतात. मुद्दाम एक लांब हात मारला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

खर्र्र्र्र...

तेवढाच लांब.

त्याने लहान मारला. लहान आला. दोन पटापट मारले. दोन आले. पोरांनो, मी त्याला इथे तीन वेळा थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावलं. साक्षीदाराला लावतो तसं. तिन्ही वेळा एकच सांगितलं. शब्दसुद्धा बदलला नाही.

मग त्याने भरभर पुसलं. फरश्या गेल्या. माळ गेली. बाहेर झाडणं चालू. त्याच्याच वेगाने. आता गल्लीत नव्हतं. जवळ आलं होतं.

एक फरशी उरली. खालच्या कोपऱ्यातली. तिच्यावर एक लाल फूल.

त्याने हात उचलला. मांडीवर ठेवला.

खर्र.

हात मांडीवर होता.

खर्र.

जिन्यावर.

जिना लाकडी आहे. आवाज वाळूचाच.

खर्र. एक पायरी... खर्र. दुसरी... बारा पायऱ्या आहेत. त्याने मोजल्या. मग व्हरांडा. मग दार. दाराखालच्या फटीपाशी येऊन थांबला.

काही नाही.

काही नाही...

मग सुस्कारा. वाकून झाडून झालं, की पाठ दुखणारी बाई कमरेवर हात ठेवून ताठ होते ना, तेव्हा जो तोंडातून निघतो, तो.

तो त्याने एकोणीस वर्षांचा होईपर्यंत रोज पहाटे ऐकला होता.

"आई?"



आणि आता त्याने काय केलं ते ऐका. भूत राहू द्या बाजूला. दार उघडलं नाही. हात जोडले नाहीत. फोटो मिटवला नाही. माउस धरला, आणि ती शेवटची फरशी पुसली. बाहेर आवाज झाला नाही. त्याने फोटो जपून ठेवला, दिवा तसाच ठेवून भिंतीला पाठ लावून बसला, आणि उजाडलं.

सकाळी दार उघडलं. उंबऱ्याबाहेर वाळक्या पानांचा ढीग. नीट गोळा केलेला, झाडून एका जागी करतात तसा. पानं नीरफणसाची. त्या गल्लीत नीरफणस नाही. पलीकडच्याही नाही.

"मग?" मीका, तू विचारलंस ना? मग त्याने पायाने ढीग जिन्यावरून खाली लोटला आणि पुन्हा फोटो उघडला.

थडगं नव्हतं. पण त्याने रात्री जिथे वाळकी पानं रंगवली होती, तिथे एकही पान नव्हतं. वाळू झाडलेली होती. ताजी, पहाटेची. एकापुढे एक अर्धगोल रेघा, सगळ्या उलट्या वळलेल्या. डाव्या हाताच्या. आणि त्या रेघा मधल्या एका चौकोनाला वळसा घालून जात होत्या. चौकोनात काही नव्हतं. नुसती सपाट वाळू.

आणि सगळ्यात वाईट काय सांगू? फोटो आणखी चांगला झाला होता. समोरच्या रिकाम्या जागेला पोत आला होता. नजर आता तिथून सरळ खाचेकडे जात होती. त्याने पाहिलं. त्याला कळलं. सही केली आणि अकरा वाजता पाठवला. कॅमेऱ्यातलं कार्ड शनिवारच्या लग्नासाठी कोरं करून ठेवलं. त्याच्याकडे एकच कार्ड होतं. जपून ठेवताना जुन्या फोटोवरच नवा ठेवला होता. बावीसच्या बावीस गेले.

परीक्षकांनी लिहिलं, "समोरच्या वाळूतल्या लाटांसारख्या नक्षीने चित्राला प्राण आला आहे." पहिलं बक्षीस. विमानतळावर भिंतभर लागला, बसवर लागला. आपल्या पेपरात पहिल्या पानावर सहा कॉलम. खाली ओळ छापली होती, "जिथे अजून माणसाचं पाऊल पडलेलं नाही."

ती ओळ मी लिहिली. चार मिनिटांत. त्या घरी मी जेवलो होतो, सालाफाईच्या हातचं. फालेसीनाचा किनारा मी ओळखला नाही, कारण त्यात थडगं नव्हतं.

पुढच्या फेब्रुवारीत कंपनीने ती जमीन भाड्याने घेतली. सालाफाईच्या घराण्यातल्या धाकट्या पातीच्या मताईने सही दिली, त्या पातीचा प्रमुख तोच. म्हणाला, जागा आमच्या पातीची, मोकळी पडलीय. फुआतीनो ओरडत राहिली. एका रविवारी सगळं गाव चर्चमध्ये असताना खोदायचं यंत्र आलं. कंत्राटदार म्हणाला, यंत्र चुकीच्या बाजूने वळलं. फरश्या, पत्रा, माती, सगळं ट्रकमध्ये भरून गेलं. हाडं सापडली नाहीत म्हणे. ट्रक कुठे रिकामा केला? नोंद नाही म्हणे. रविवारी चुकून वळणारं यंत्र तुम्ही पाहिलंय कधी? मी नाही पाहिलं.

फुआतीनोने दावा लावला आणि कोर्टात फोटोंची पिशवी घेऊन आली; मताईच्या विरोधात साक्ष द्यायला गावातलं कुणी उभं राहिलं नाही. लग्नातले, सणातले, पोरांचे. सगळ्यांत थडगं होतं. पण सगळ्यांत माणसं खांद्याला खांदा लावून उभी, मागे काही दिसत नाही. कंपनीचा वकील म्हणाला, थडगं होतं, मान्य. पण ते मागच्या डोंगराकडेला होतं, किनाऱ्यावर नव्हतं. या फोटोंत समुद्र कुठे आहे? बेट कुठे आहे?

त्या बावीस फोटोंतच थडगं आणि खाच एका रेषेत होती, सेफीना. तीच रेघ त्या बाईची जमीन होती. ज्याने ती जुळवली, त्यानेच ती पुसली.

मग वकिलाने तो मोठा फोटो उभा केला. "ही खाच. हे दगड. जागेबद्दल वाद नाही. आता थडगं दाखवा." आणि आपला पेपर काढून माझी ओळ मोठ्याने वाचली.

पेनियामिना मागच्या बाकावर होता. कंपनीचा शर्ट घालून. मुलगी सात महिन्यांची झाली होती, कंपनीच्या घरात राहत होती. फुआतीनो वळली.

"पेनी, सांग त्यांना."

...

"मी माळ घातली होती ना रे? लाल. तू म्हणालास, आली नीट. सांग ना, राजा."

न्यायाधीशांनी त्याला उभं केलं. फोटोत बदल केला आहे का? त्याने फोटोकडे पाहिलं.

"फोटोत जे आहे, ते आहे," तो म्हणाला.

 फुआतीनोने फोटो एकेक करून पिशवीत भरले. बाहेर पायरीवर मला भेटली.

"पेपरवाल्या, तुझ्या त्या ओळीला किती शब्द लागले?"

मी मोजले नव्हते. आता मोजलेत. सहा.

त्याच रात्री पावणेबाराला तो माझ्याकडे आला. मघाशी सांगितलं ते सगळं तेव्हा सांगितलं. लॅपटॉप आणला होता. फोटो मोठा करून दाखवला. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रेघा उलट्या होत्या.

"हे तू केलं नाहीस?"

"एवढं चांगलं मला जमत नाही, काका."

मी कागद पुढे ठेवला. लिही, म्हटलं, आणि सही कर. उद्या पहिल्या पानावर. तो म्हणाला, उद्या सकाळी. बायकोला सांगून येतो. सकाळी साडेसहाच्या विमानाने तिघं ऑकलंडला गेले. तिथे मांसाच्या कारखान्यात आहे आता. मुलीचा एकही फोटो काढत नाही म्हणे, फोनवरसुद्धा नाही. मी तरीही लिहिलं. संपादकांनी विचारलं, पुरावा? भूत सोडून काही आहे?

आता शेवटचं. हे त्याने सांगितलेलं नाही, मी पाहिलंय.

हॉटेल झालं. थडग्याच्या जागी गाड्या लावायला मोकळी जागा केली, पांढरी बारीक खडी टाकून. रात्रीचा रखवालदार आलापाती, माझ्या ओळखीचा. मला म्हणाला, "काका, मधल्या जागेत कुणी गाडी लावत नाही. सकाळी खडी झाडलेली असते. साहेब मला ओरडतो. मी म्हटलं, मला पगार रखवालीचा आहे, झाडण्याचा नाही." मी विचारलं, केव्हा होतं? म्हणाला, "पावणेदोनच्या आसपास आवाज येतो. मी त्या बाजूला जात नाही." मी पहाटे पाचला टेप घेऊन गेलो. रेघांच्या मधला चौकोन सात फूट बाय साडेतीन.

फुआतीनो असेल, असं मलाही वाटलं. बातमीदार आहे, आधी जिवंत माणसावर संशय घेतो. तिच्या लेकीकडे गेलो, आपिआत. फुआतीनोचा डावा पाय गुडघ्याखाली कापलाय, साखरेच्या आजाराने. खाटेवरून उठत नाही. आणि ती उजव्या हाताची.

साहेब कंटाळला. गेल्या वर्षी सहा मार्चला, गुरुवारी, तिथे काँक्रीट ओतलं. गवंड्यांनी थापीने आरशासारखं गुळगुळीत केलं, साडेसहाला गेले. चारी बाजूंनी दोरी बांधली, फाटकाला कुलूप. आलापाती रात्रभर फाटकावर, आत कुणी गेलं नाही.

शुक्रवारी सकाळी त्यात रेघा होत्या. या कडेपासून त्या कडेपर्यंत, वीस फूट. सगळ्या उलट्या वळलेल्या. मधे सात बाय साडेतीनचा चौकोन, तसाच गुळगुळीत.

कंत्राटदार म्हणतो, काँक्रीटवर खराटा फिरवतातच, गाडी घसरू नये म्हणून. फिरवतात, मान्य. पण खराट्याचा दांडा चार फुटांचा. मधल्या चौकोनापर्यंत पोचायला ओल्या काँक्रीटमधून आठ फूट आत चालत जावं लागतं, आणि परत यावं लागतं. मी गुडघ्यांवर बसून सगळं तपासलं. पोटऱ्या भरून आल्या. आलापातीने बॅटरी धरली होती.

कंत्राटदाराला पत्र लिहिलं, कंपनीला दोन लिहिली. पोच आली, उत्तर नाही. काँक्रीट आता पक्कं वाळलंय, फुटणार नाही, पुसणार नाही. तुमच्यापैकी कुणीही जाऊन बघा.

पाऊल एकही नाही.